चांदीची साक्ष

शिलालेख, ताम्रपट आणि जुनी नाणी ही इतिहासाची साधने होत, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु घरातील एखाद्या डब्यात, जुन्या फडक्यात बांधून ठेवलेला दागिनाही इतिहासाचे साधन होऊ शकतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. सुखाच्या दिवसांत दागिना अंगाची शोभा वाढवितो. अडचणीच्या दिवसांत तो घराची लाज राखतो. तो कोणाचा, कोठला आणि केव्हाचा, अशी चौकशी मात्र कोणी करीत नाही. मग एके दिवशी तो सोनाराच्या मुशीत जातो. मुशीत चांदी शिल्लक राहते. तिने पाहिलेले सारे मात्र नाहीसे होते.

परभणी जिल्ह्याच्या दक्षिण भागातून गोदावरी वाहते. तिच्या काठची काळी, सपाट जमीन मागे टाकून उत्तरेकडे निघाले, की जिंतूर तालुक्यात माळ आणि टेकड्या लागतात. या भागात बंजारा समाजाचे अनेक तांडे आहेत. अशाच एका तांड्यातील एक मुलगी जवळच्या गावच्या शाळेत सातवीच्या वर्गात शिकत होती. अभ्यासात ती हुशार. वर्गात नेहमी प्रसन्न असे. एके दिवशी मात्र ती अगदी गप्प बसली होती. गुरुजींनी तिला जवळ बोलावून कारण विचारले.

ती म्हणाली, “गुरुजी, आमच्या विहिरीवरची मोटार जळाली. गहू पाण्यावाचून वाळायला लागला आहे. उद्याच्या बाजारी आजी रुपयांची माळ मोडणार आहे.”

“कोणती माळ, बाळ?”

“आजीच्या गळ्यातली. लदेणीच्या काळची आहे म्हणते ती. पण ती खरोखर केव्हाची, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. मोडल्यावर तर कधीच कळायचे नाही.”

गुरुजी क्षणभर थांबले. माळ मोडू नका, असे सांगण्याचा त्यांना अधिकार नव्हता. गहू वाळत असताना गळ्यात चांदी बाळगण्यात शहाणपणही नव्हते. पण मुलीच्या शेवटच्या वाक्याने त्यांच्या मनात घर केले. शाळा सुटल्यावर चार विद्यार्थी, एक भिंग, पट्टी आणि कोरी वही घेऊन ते तांड्याकडे निघाले. गावातील एक वृद्ध गृहस्थ निजामी अमदानीत उर्दू माध्यमातून शिकलेले होते. त्यांनाही गुरुजींनी विनंती करून बरोबर घेतले.

अंगणात बाजेवर आजी बसल्या होत्या. “राम राम, गुरुजी. या, बसा,” असे म्हणून त्यांनी सर्वांना पाणी दिले. येण्याचे कारण कळताच त्यांनी गळ्यातील माळ काढून गुरुजींच्या हाती ठेवली. काळ्या, जाड दोऱ्यात ओवलेले अकरा रुपये होते. प्रत्येक रुपयाला वरच्या बाजूस चांदीची कडी डाख देऊन जोडलेली होती.

“गुरुजी, ही माळ लदेणीच्या काळची,” आजी अभिमानाने म्हणाल्या. “आमच्या लोकांपाशी हजारो बैल होते, तेव्हाची.”

लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवर माल लादून तो गावोगावी पोहोचविण्याचा धंदा. आगगाड्या आणि मोटारी येण्यापूर्वी धान्य व मीठ देशभर नेण्याचे मोठे काम बंजारा करीत. सतराव्या शतकात भारतात आलेला फ्रान्सचा जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे वाटेने चालल्याचे वर्णन केले आहे. सैन्याला धान्य पुरविण्याचे कामही हे तांडे करीत. पुढे रेल्वेमार्ग वाढत गेले. परभणीवरून जाणारा मनमाड-हैदराबाद मार्ग इ. स. १९०० च्या सुमारास सुरू झाला. बैलाच्या पाठीवरचा माल डब्यात चढला आणि लदेणी बसली. फिरते तांडे हळूहळू एका जागी वसले. ज्यांचे घर सदैव चालते, त्यांनी आपली पुंजी तिजोरीत कशी ठेवावी? ती अंगावरच ठेवावी लागे. बंजारा स्त्रीच्या अंगावरील चांदी ही म्हणूनच नुसती हौस नव्हती. ती त्या कुटुंबाची चालती-बोलती ठेव होती.

गुरुजींनी माळ स्वच्छ धोतराच्या पानावर मांडली आणि विद्यार्थ्यांना म्हणाले, “दागिन्याचे मूळ शोधताना तीन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. हा दागिना कोणाचा? हा केव्हा आणि कोठे घडला? याची चांदी कोठून आली? तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच असेल, असे समजून चालणारा हमखास फसतो.”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकारावरून मिळू शकते. आजींच्या केसांत, कानशिलांजवळ, चांदीच्या घुगऱ्या लोंबत होत्या आणि त्यांच्या टोकाशी घुमटाच्या आकाराच्या टोपल्या होत्या. घुगरी-टोपली पाहिली, की ती बंजारा स्त्रीची, हे जाणकार लगेच ओळखतो. पण सर्वच दागिन्यांचे असे नसते. गळ्यात घालावयाची हांसळी घ्या. गळ्याच्या हाडाला हिंदीत हँसली म्हणतात. त्या हाडावर टेकणारे कडे ते हांसळी. ती राजस्थानात आहे, गुजरातेत आहे आणि महाराष्ट्रातही आहे. केवळ हांसळी पाहून ती कोणत्या गावची वा कोणत्या समाजाची, हे सांगता येणार नाही. रुपयांच्या माळेचेही तसेच. अनेक समाजांच्या स्त्रिया रुपये ओवून गळ्यात घालीत. ही माळ बंजारा स्त्रीची, हे माळेने सांगितले नाही. ते आजींच्या गळ्याने सांगितले.

“म्हणजे हीच माळ उद्या बाजारात गेली आणि दुकानाच्या काचेमागे दिसली, तर?” एका विद्यार्थ्याने विचारले.

“तर ती कोणाची, हे मोठ्या पंडितालाही ओळखता येणार नाही,” गुरुजी म्हणाले. “वस्तू जिच्या अंगावर होती, तिच्यापासून तोडली, की तिचे अर्धे नाव पुसले जाते.”

मग दुसऱ्या प्रश्नाला आरंभ झाला. मुलगी भिंगातून एकेक नाणे वाचू लागली आणि एक विद्यार्थी वहीत नोंदी करू लागला. दोन रुपयांवर राणी व्हिक्टोरियाचे चित्र आणि १८४० हे साल होते. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीतील रुपये. तीन रुपयांवर १८६२ हे साल होते. १८५७ च्या उठावानंतर कंपनीचे राज्य संपून राणीचे राज्य आले होते, ते दिवस. एका रुपयावर १८८५ होते. एकावर सातव्या एडवर्डचे टक्कल पडलेले डोके आणि १९०७ हे साल होते. दोन रुपयांवर पंचम जॉर्जचे चित्र आणि १९१८ हे साल होते.

पंचम जॉर्जच्या रुपयाची एक गंमत गुरुजींनी सांगितली. राजाच्या झग्यावर एक लहानसा हत्ती कोरलेला असतो. १९११ साली निघालेल्या पहिल्या रुपयांवर त्या हत्तीची सोंड इतकी आखूड उमटली, की लोकांना तो डुकरासारखा वाटला. तक्रारी झाल्या, तेव्हा ते रुपये परत घेण्यात आले आणि १९१२ पासून हत्तीचे चित्र सुधारून नवे रुपये पाडले गेले. मुलीने भिंग लावून पाहिले. १९१८ च्या रुपयावर हत्तीची सोंड स्पष्ट दिसत होती. त्याच नाण्याच्या मागील बाजूस, तळाच्या कमळाखाली एक बारीक ठिपका होता. तो मुंबईच्या टांकसाळीची खूण. कलकत्त्याच्या टांकसाळीतील रुपयावर हा ठिपका नसतो.

“म्हणजे माळ मुंबईला घडली!” एक विद्यार्थी उत्साहाने म्हणाला.

“रुपया मुंबईला पडला,” गुरुजी हसून म्हणाले. “माळ कोठे घडली, हे अजून कळायचे आहे. पाय नसलेला रुपया माणसापेक्षा अधिक प्रवास करतो.”

आता दहावे नाणे निराळेच निघाले. त्यावर राजाचे डोके नव्हते. चारमिनारचे चित्र होते आणि भोवती फारसी लिपी होती. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात आला आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. निजामाचा स्वतःचा रुपया होता. त्याला हाली शिक्का म्हणत. ब्रिटिशांच्या सहा रुपयांना हालीचे सुमारे सात रुपये पडत. वृद्ध गृहस्थांनी नाणे डोळ्यांजवळ नेले. चारमिनारच्या कमानीत ‘ऐन’ हे अक्षर होते. उस्मान अली खान या निजामाच्या नावाचे ते आद्याक्षर. त्याच्या आधीच्या, महबूब अली खान याच्या रुपयावर त्या जागी ‘मीम’ असते. साल होते हिजरी १३३७.

“हिजरीचे इसवी सन कसे काढायचे?” मुलीने विचारले.

वृद्ध गृहस्थ म्हणाले, “बेटा, हिजरी वर्ष चंद्रावर चालते. ते आपल्या सूर्यावर चालणाऱ्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. म्हणून तेहेतीस हिजरी वर्षे ही साधारण बत्तीस इसवी वर्षांबरोबर होतात. हिजरी सालाला तेहेतिसाने भागायचे, आलेली संख्या त्यातून वजा करायची आणि सहाशे बावीस मिळवायचे.”

मुलीने वहीत गणित मांडले. १३३७ ला ३३ ने भागले, तर सुमारे ४० येतात. १३३७ मधून ४० गेले, राहिले १२९७. त्यांत ६२२ मिळविले, झाले १९१९. हिजरी १३३७ हे वर्ष १९१८ च्या ऑक्टोबरात सुरू होऊन १९१९ च्या सप्टेंबरात संपले, असे पंचांग सांगते. गणित बरोबर आले होते.

“आता नीट विचार करा,” गुरुजी म्हणाले. “माळेतील सर्वांत जुने नाणे १८४० चे आहे. मग माळ १८४० ची का?”

विद्यार्थी विचारात पडले. मुलगी हळूच म्हणाली, “नाही. १८४० साली १९१८ चा रुपया कोठून येणार?”

“शाबास! माळेचा काळ सर्वांत जुने नाणे सांगत नाही. सर्वांत नवे नाणे सांगते. आणि तेही इतकेच, की माळ या सालाच्या अगोदरची असू शकत नाही. नंतरची मात्र असू शकते. एक गोष्ट आणखी. १८६२ हे साल घातलेले रुपये पुढे १८७४ पर्यंत पाडले जात होते. तेव्हा नाण्यावरचे साल वाचावे. पण त्यावर डोळे मिटून विसंबू नये.”

“पण गुरुजी, माळ आधीच असेल आणि नवे रुपये मागाहून ओवले असतील, तर?”

हा प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर नाण्यांत नव्हते, कड्यांत होते. गुरुजींनी सर्व कड्या एका रांगेत लावल्या. दहा रुपयांच्या कड्या रुंद व चपट्या होत्या आणि प्रत्येकीवर तीन बारीक रेषा ओढलेल्या होत्या. १८४० च्या रुपयाची कडी आणि १९१८ च्या रुपयाची कडी यांत काडीचाही फरक नव्हता. डाखही एकाच हाताचा दिसत होता. निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या सोनारांनी जोडलेल्या कड्या इतक्या सारख्या झाल्या नसत्या. तेव्हा हे दहाही रुपये बहुधा एकाच वेळी माळेत आले आणि ती वेळ १९१८-१९ च्या पूर्वीची नव्हती.

आजींचा चेहरा उतरला. “म्हणजे लदेणीच्या काळची नाही?” त्यांनी विचारले. “माझी सासू खोटे सांगणारी बाई नव्हती, गुरुजी.”

“आजी, तुमच्या सासूबाईंनी नेमके काय सांगितले होते, ते आठवून सांगता का?”

आजी डोळे मिटून बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “सासू म्हणायची, हे रुपये लदेणीतले. तिच्या सासऱ्याच्या कमरेच्या कशात बांधलेले असायचे. तिचे लग्न ठरले, तेव्हा ते बाजाराच्या गावी सोनाराला दिले आणि माळ करून आणली.”

गुरुजींचा चेहरा उजळला. “मग सासूबाई अगदी खरे बोलल्या. काही रुपये लदेणीच्या काळचे असतील. माळ मात्र त्यांच्या लग्नातली. रुपयाचे वय निराळे आणि माळेचे वय निराळे. तुम्ही दोन्ही वये एकत्र बांधलीत, एवढेच.”

आजी समाधानाने हसल्या. तोंडी सांगितलेली आठवण आणि वस्तूवरची खूण यांत भांडण दिसले, म्हणून आठवण खोटी ठरत नाही. पुष्कळदा ती फक्त नीट लावून घ्यावी लागते.

माळ कोठे घडली, हे मात्र अजून ठरले नव्हते. मुलीला एक कल्पना सुचली. तांड्यातील आणखी दोन वृद्ध स्त्रियांपाशी तशाच माळा होत्या. विद्यार्थी धावत जाऊन त्या स्त्रियांना बोलावून आले. त्यांच्या माळांतील कड्यांवरही तशाच तीन रेषा होत्या! एकाच पेठेतील, कदाचित एकाच दुकानातील हे काम असावे, असा तर्क त्यावरून करता आला. गुरुजींनी वहीत ‘असावे’ असेच लिहावयास सांगितले. ‘आहे’ असे लिहू दिले नाही. “जेवढा पुरावा, तेवढेच क्रियापद,” असे ते म्हणाले.

अकरावा रुपया राहिला होता. त्यावरही राणीचे चित्र आणि १८६२ हे साल होते. पण त्याची कडी साध्या तारेची होती. अक्षरांच्या कडा बोथट होत्या. खऱ्या रुपयाच्या काठावर ज्या उभ्या, बारीक खाचा असतात, त्या यावर नव्हत्या. उलट काठावरून एक पुसट सांधा गेला होता. खरा रुपया टांकसाळीत ठशाने पाडलेला असतो. हा साच्यात ओतलेला होता. खऱ्या रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम असते आणि त्यातील बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असते. हा हातालाच हलका लागत होता.

विद्यार्थी एकमेकांकडे पाहू लागले. हे बोलावे कसे? शेवटी आजीच म्हणाल्या, “खोटा आहे तो. मला ठाऊक आहे.”

सारे स्तब्ध झाले. आजी सांगू लागल्या, “बहात्तरच्या दुष्काळात आम्ही खडी फोडायच्या कामावर होतो. पगाराला आठ दिवस अवकाश होता आणि घरात दाणा नव्हता. पोरे रडत होती. मी एक रुपया सोडविला आणि ज्वारी आणली. माळेत खिंडार पडले. सासू तेव्हा जिवंत होती. तिच्या नजरेला पडू नये, म्हणून पुढे जत्रेत हा मिळाला, तो ओवला. तिला कळले असेलही; पण ती कधी बोलली नाही.”

कोणीच काही बोलले नाही. नातीने आजीचा हात धरला. सोनाराच्या काट्यावर ज्या नाण्याला मोल नव्हते, त्या नाण्यात एका घराचा दुष्काळ साठविलेला होता. मुलीने वही घेतली आणि अकराव्या नाण्यापुढे, आजीच्या शब्दांत, ती सर्व हकीकत लिहून काढली.

दिवस मावळतीला आला होता. तिसरा प्रश्न उरला होता : ही चांदी मुळात आली कोठून? भारतात चांदीच्या खाणी फार थोड्या. मग घरोघरची चांदी आली कशी? ते सांगण्यासाठी गुरुजींनी विद्यार्थ्यांना पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला नेले.

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम बाजूस अँडीज नावाची प्रचंड पर्वतरांग आहे. तेथील डोंगराळ प्रदेशात थंडी फार. तेथील स्त्रिया खांद्यावरून लोकरी शाल घेतात आणि ती छातीवर एका मोठ्या टाचणीने अडकवितात. या टाचणीला ‘तुपू’ म्हणतात. तिचे एक टोक अणकुचीदार आणि दुसरे रुंद असते. इंका राजांच्या काळीही अशा टाचण्या वापरात होत्या. एक्वादोर देशातील सारागुरो स्त्रियांच्या तुपूचा माथा किरणे फाकलेल्या सूर्यासारखा असतो. चिली देशातील मापुचे लोकांत तो मोठ्या, चपट्या तबकडीसारखा आढळतो. पेरू आणि बोलिव्हिया या देशांत पुष्कळ तुपूंचा माथा चमच्यासारखा असतो. जगातील अनेक संग्रहालयांत असे तुपू आहेत. जेथे वस्तूबरोबर गावाचे नाव आणि वापरणारीचे सांगणे नोंदलेले नसते, तेथे अभ्यासकाला केवळ आकारावरून अंदाज करावा लागतो. आणि शेजारच्या प्रदेशांत आकार सारखे असले, की तो अंदाजही डळमळतो. जिंतूरच्या माळेचा आणि अँडीजच्या टाचणीचा प्रश्न असा एकच आहे.

दोघींची चांदीही कदाचित एकाच घरची असेल! मापुचे सोनार अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत स्पेनची चांदीची नाणी वितळवून दागिने घडवीत. ती नाणी ज्या चांदीची, तिचा मोठा साठा पोतोसी येथील डोंगरात होता. आजच्या बोलिव्हियातील हा डोंगर. १५४५ साली तेथे चांदीचा शोध लागला आणि पुढे शेकडो वर्षे ती उपसली गेली. खाणीत उतरणाऱ्या तेथील मूळ रहिवाशांना वेठीला धरले जाई आणि त्यात असंख्य लोक मेले. ती चांदी स्पेनला गेली, तेथून युरोपच्या पेठांत पसरली. भारतातील कापड, नीळ आणि मिरी घेण्यासाठी युरोपचे व्यापारी जहाजे भरून चांदी आणीत. कारण त्यांचा दुसरा माल येथे फारसा खपत नसे. सुरतेसारख्या बंदरात परदेशी नाणी मोगलांच्या टांकसाळीत जात आणि रुपये होऊन बाहेर पडत. ते रुपये जुने झाले, की पुन्हा वितळत, पुन्हा नवे रुपये होत. अशा रीतीने पोतोसीच्या डोंगरातील चांदीचा एखादा कण आजींच्या माळेपर्यंत आला असेल, तर त्यात नवल नाही.

“त्या डोंगरातली बाईसुद्धा अडचणीत टाचणी विकत असेल का हो, गुरुजी?” आजींनी विचारले.

“विकत असेल, आजी. चांदी सगळीकडे त्याच कामी येते.”

दुसऱ्या दिवशी बाजार होता. आजी नातीला घेऊन सोनाराकडे गेल्या. मोटारीसाठी जेवढे पैसे हवे होते, तेवढ्यापुरतेच रुपये त्यांनी सोडवून दिले. चारमिनारचा रुपया त्यांनी दिला नाही. १८४० च्या दोहोंपैकी एक ठेवला. पंचम जॉर्जचाही एक ठेवला. आणि तो अकरावा रुपया, ज्याकडे सोनाराने पाहिलेही नाही, तो त्यांनी पुन्हा काळ्या दोऱ्यात मधोमध ओवला. त्या वर्षी गव्हाला पाणी मिळाले.

विकल्या गेलेल्या रुपयांचे पुढे काय झाले, हे कोणास ठाऊक? ते बहुधा वितळले असतील. परंतु त्यांची चित्रे, त्यांवरील साले, त्यांच्या कड्यांवरच्या तीन रेषा आणि आजींचे सांगणे हे सर्व शाळेच्या कपाटातील एका वहीत आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, कुलपे यांसारख्या नित्याच्या वापरातील वस्तू प्रेमाने जपल्या आहेत. प्रत्येक घराला संग्रहालय होता येणार नाही; गरज पडली, की चांदी विकावीच लागते. पण विकण्यापूर्वी तिची साक्ष नोंदवून घेणे हे सातवीतल्या मुलीलाही जमले. वस्तू जाते, लिहिलेले राहते.

स्वाध्याय

प्रश्न १. पुढील प्रश्नांची थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) बंजारा कुटुंबे आपली पुंजी दागिन्यांच्या रूपाने अंगावर का बाळगीत?
(आ) केवळ हांसळी पाहून ती कोठली, हे का सांगता येत नाही?
(इ) माळेतील सर्वांत जुन्या नाण्यावरून माळेचा काळ का ठरविता येत नाही?
(ई) गुरुजींनी वहीत ‘आहे’ ऐवजी ‘असावे’ असे का लिहावयास सांगितले?

प्रश्न २. ‘रुपयाचे वय निराळे आणि माळेचे वय निराळे’ या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

प्रश्न ३. सोनाराच्या दृष्टीने निरुपयोगी असलेला रुपया आजींनी माळेत मधोमध का ओवला असेल? आठ-दहा वाक्ये लिहा.

प्रश्न ४. एका हाली रुपयावर हिजरी १३४३ हे साल आहे. पाठात दिलेल्या रीतीने त्याचे इसवी सन काढा.

प्रश्न ५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : मनात घर करणे, लाज राखणे, काडीचाही फरक नसणे, चेहरा उतरणे.

उपक्रम : घरातील एखादी जुनी वस्तू निवडा. तिचे चित्र काढा, तिचे माप व वजन लिहा, तिच्यावरील खुणा नोंदवा आणि तिच्याविषयी घरातील सर्वांत वडील व्यक्ती जे सांगेल, ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा.